पाळीच्या वेळेची बस

सोलापुरात वाहतुकीचा विषय निघाला की गाडी हमखास दोन उड्डाणपुलांवर येऊन थांबते. एक जुना पुणे नाक्यापासून पत्रकार भवनापर्यंतचा, दुसरा जुन्या बोरामणी नाक्यापासून मोरारका बंगल्यापर्यंतचा. भूसंपादन कुठवर आलं, निधीत वाटा कुणाचा किती, नकाशा पुन्हा का बदलला, यावर चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत सगळ्यांचं मत तयार असतं. पूल हवेत की नकोत, या वादात मला इथे पडायचं नाही. माझी तक्रार निराळी आहे. इतकी वर्षं इतकं बोलून झालं, पण या शहरातला कामगार रोज सकाळी कामावर कसा जातो, हे कुणी विचारलं नाही. रस्त्यावर गर्दी किती आहे हे आपण मोजतो. त्या गर्दीत कोण आहे, कुठून निघालंय, कुठे चाललंय आणि जाण्यायेण्यात त्याचे किती पैसे जातात, याची चौकशी होत नाही.

ती करायची, तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागेल. सोलापूर हे पायी कामाला जाणाऱ्यांचं शहर होतं. जुनी गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या आणि त्यांच्या भोवती चाळी, पेठा, वस्त्या दाटत गेल्या. भोंगा झाला की माणूस घरातून निघायचा, कारण भोंगा घरात ऐकू येईल एवढ्याच अंतरावर तो राहत होता. सगळ्यांनाच हे सुखाने मिळालं होतं असं नाही. सेटलमेंट नावाच्या वस्तीतल्या माणसांना ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलं होतं आणि त्यातले कित्येक तिथून गिरणीत कामाला जात. ते कुंपण तुटायला १९५२ साल उजाडलं. कामाजवळ राहणं म्हणजे सुख, असा भाबडा हिशेब मांडू नये, म्हणून हे सांगितलं.

गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. पूर्व भागात आजही अशी घरं आहेत की खाली माग आणि वर बिऱ्हाड. अशोक चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ, दत्त नगर या बाजूला कोणत्याही गल्लीत शिरा, खडखडाटावरून कळतं कुठे चादर निघतेय आणि कुठे टॉवेल. मागासाठी सुताची कांडी भरणारी बाई दोन गल्ल्या ओलांडून येते. मागवाला सायकलवर डबा अडकवून येतो किंवा चालत येतो. विडी वळणाऱ्या हजारो बायकांचं तर कामच घराच्या ओट्यावर: मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. बाहेर पडायचं ते माल आणायला आणि वळलेली विडी कारखान्यात द्यायला. तिथे कारकून खराब विड्यांची छाट काढतो, उरलेल्याचे पैसे मांडतो, आणि बाई पुन्हा घरी. कारखाना गल्लीच्या टोकाला असेल तर हे सगळं दुपारच्या स्वयंपाकाच्या आत उरकतं.

सोलापुरात मजुरी कमी आहे हे सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. एवढ्या मजुरीत माणसं तगली कशी, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तगली, कारण कामावर जायला पैसे लागत नव्हते. घराशेजारचं काम ही पगारात न दिसणारी भर होती. फायदा मालकाचाही होता, कारण येण्याजाण्याचा खर्च नाही म्हटल्यावर तो मजुरीत धरायचा प्रश्नच नव्हता. ही व्यवस्था कुणी बसून ठरवली नव्हती, पण सगळ्यांनी ती गृहीत धरली होती. गेल्या तीसेक वर्षांत ती मोडली. मजुरीचा हिशेब तेवढा जुनाच राहिला.

मोडली कशी, तर आधी शहर पसरलं. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि तेहतीसेक चौरस किलोमीटरचं शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचं झालं. कागदावर सोलापूर रातोरात पाचपट मोठं झालं. माणसं त्या मानाने वाढली नाहीत. २००१ च्या जनगणनेत ८ लाख ७२ हजार होती, २०११ मध्ये साडेनऊ लाख. दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के. याच काळात पुणे फुगत होतं आणि आपल्याकडची पोरं त्या फुगण्याला हातभार लावत होती. म्हणजे सोलापूरची अडचण ही माणसं वाढण्याची नाही, पसरण्याची आहे. जुळे सोलापूर, सैफुल, शेळगी, बाळे, विजापूर रोडच्या दोन्ही बाजूंचे प्लॉट. माणसं तेवढीच, पण एकमेकांपासून आणि कामापासून लांब गेलेली. अशा शहराला बस लागते. दाट शहर एक वेळ बसवाचून चालतं, विरळ शहराचं तिच्यावाचून चालत नाही. आपण नेमकं विरळ होत असताना बस घालवली.

त्याआधी घरांचं बोलू, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडला आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार महिलांची वसाहत झाली. दहा हजार घरं, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या. पुढे त्याच भागात रायनगर. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं. यंत्रमागवाले, विडीवाल्या, कचरा वेचणारे, शिलाईवाले, रिक्षा-टेम्पो चालवणारे. झोपडपट्टीच्या एका खोलीत आयुष्य गेलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचं घर मिळालं. माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी जो पिच्छा पुरवला, त्याला तोड नाही. देशात कामगारांच्या घरांची एवढी मोठी कामं फार थोड्या ठिकाणी झाली असतील. पुढे जे लिहितोय ते या घरांच्या विरोधात नाही, हे ठळकपणे सांगून ठेवतो. सोलापुरात वाक्याचं अर्धं तोडून भांडायची चांगली परंपरा आहे.

घरं झाली ती शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, कारण स्वस्त जमीन तिथेच होती. घराच्या किमतीत जमीन धरली, बांधकाम धरलं, पाणी-रस्ते-वीज धरली. तिथे राहणाऱ्याने रोज कामावर जायचं कसं, हे धरायला कोणत्याही योजनेत रकानाच नसतो. केंद्राच्या नाही, राज्याच्याही नाही. कुंभारी अक्कलकोट रोडवर असल्यामुळे तिथल्या एमआयडीसीतल्या यंत्रमागवाल्याला कारखाना त्या मानाने वाटेवर पडतो. पण रेल्वे लाइनकडच्या बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काय? नव्या पेठेतल्या कापडदुकानात उभं राहणाऱ्या पोराचं काय? गारमेंटच्या कारखान्यात युनिफॉर्म शिवणारीचं काय? विडी घरात वळता येते, पण माल देण्याघेण्याचा कारखाना वसाहतीच्या जवळ असेल तरच त्याला घरचं काम म्हणायचं. लांब असेल तर निम्मा दिवस रिक्षाची वाट बघण्यात जातो.

आणि पाणी. बाहेरच्या वाचकांना हे पटत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी आणणाऱ्या या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि ते कोणत्या तासाला येईल याचा नेम नसतो. पूर्व भागातली कांडीवाली पाणी आलं म्हणून हाक आली की उठते, घरी जाते, हंडे, पिंप, बादल्या भरून तासाभरात परत येते. तिच्या दिवसाच्या कामाला थोडी चाट बसते, एवढंच. तीच बाई शहराच्या एका टोकाला राहायला गेली आणि काम दुसऱ्या टोकाला राहिलं, की मधेच उठून जाणं बंद. मग पाण्याच्या दिवशी सरळ खाडा. नगावर मजुरी असलेल्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाचं सगळंच गेलं. कामावर जाण्याचं अंतर फक्त किलोमीटरमध्ये मोजणाऱ्याला हे कधी दिसायचं नाही. कामापासून घर हाकेच्या अंतरावर असलं की बाई दोन्हीकडचं सांभाळते. ते अंतर वाढलं की दोन्हीपैकी एक सोडावं लागतं, आणि बहुतेक वेळा सुटतं ते बाहेरचं काम.

कामंही जागेवर राहिली नाहीत. चिंचोळी एमआयडीसी पुणे रोडवर, मोहोळ तालुक्यात. विद्यापीठ केगावला. औष्णिक वीज प्रकल्प होटगीच्या बाजूला. मोठ्या कंपन्या आपल्या कायम कामगारांसाठी बस ठेवतात. सकाळी पुणे नाक्याच्या अलीकडे उभं राहिलं की या बसची वाट बघणारी माणसं दिसतात, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. त्यांच्या शेजारीच ठेकेदाराकडचे कामगार उभे असतात. कारखाना तोच, गेटही तेच, पण त्यांच्यासाठी बस नाही. ते दोघा-तिघांत एक मोटारसायकल करतात, पेट्रोल वाटून घेतात आणि जड वाहनांच्या मधून चिंचोळी गाठतात. कायम आणि कंत्राटी यांतला फरक बघायला पगाराची चिठ्ठी लागत नाही, सकाळी सातचा पुणे रोड पुरतो.

आता बस. महापालिकेची सिटी बस एके काळी या शहराची सवय होती. पास काढून शाळेला जाणारी, हुतात्मा चौकात उतरून कचेरीत जाणारी, सणाला पार्क चौकातून लोंबकळत घरी येणारी पिढी अजून आहे. मग तोटा वाढला, गाड्या म्हाताऱ्या झाल्या, पगार थकू लागले. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून नव्या कोऱ्या गाड्या आल्या तेव्हा वाटलं, सुटलो. त्या गाड्यांच्या चेसिसला तडे गेले. गाड्या आगारात लागल्या, भांडण कायद्याच्या वाटेने गेलं आणि प्रवासी आपल्या वाटेने गेले. त्यानंतर सिटी बस सोलापुरात आहे असं म्हणण्यापुरती आहे. एखादी वळणावर दिसली तर लोक कौतुकाने बघतात.

बस रोडावली म्हणून प्रवास थांबत नाही. जागा घेतली दुचाकीने आणि शेअर रिक्षाने. नुसत्या सोलापूरची गोष्ट नाही ही. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून देशातल्या सुमारे वीस कोटी कामगारांना विचारलं होतं, कामाला कसे जाता? प्रवास करणाऱ्यांत सर्वांत जास्त पायी जाणारे होते. सायकलवाले मोटारसायकलवाल्यांपेक्षा किंचित जास्तच होते. बसवाले त्यांच्या मागे, आणि मोटारीने जाणारे तीन टक्क्यांच्याही आत. तेव्हापासून चित्र झपाट्याने पालटलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापर्यंत देशातल्या जवळपास निम्म्या घरांत दुचाकी आली होती. सोलापुरात हे डोळ्यांनी दिसतं. कारखान्याच्या फाटकाशी जिथे सायकली एकमेकींवर रेलून उभ्या असायच्या, तिथे आता दुचाक्या आहेत. जुन्या, कर्जावरच्या, दुसऱ्याच्या नावावरच्या.

ही प्रगती आहे, असं म्हणणारे माझे मित्र आहेत, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. स्कूटीने सोलापूरच्या पोरींना जे दिलं ते कोणत्याही बसने दिलं नसतं. क्लास, कॉलेज, नोकरी, रात्री आठला घरी परत येणं, वाटेत भाजी घेणं. वडिलांची किंवा भावाची वाट बघत थांबायचं नाही. दुचाकीला नावं ठेवणाऱ्याने आधी हे कबूल करावं. पण ज्याच्यापुढे दुसरा रस्ताच नाही त्याने दुचाकी घेतली, तर त्याला हौस म्हणता येणार नाही. कुंभारीहून शहरात येऊन परत जायचं तर रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर होतात. गाडी कितीही चांगली चालली तरी अर्धा लिटर पेट्रोल गेलं, आणि पेट्रोल शंभरीच्या वर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तेराशेच्या पुढे. त्यात गाडीचा हप्ता, टायर, पंक्चर. घरातून दोघं कामाला जात असतील आणि कामाची तोंडं दोन दिशांना असतील तर हे दुप्पट. मिळकत बारा-पंधरा हजारांची असेल, तर तिच्यातला हा वाटा कोणत्या मालकाने मजुरीत वाढवून दिला? कुणीच नाही. दुसरीकडे सरकार म्हणणार, बघा, गरिबाच्या दारात गाडी आली.

गाडी आली तशी जिवाची जोखीमही आली. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. सोलापुरात पुणे-हैदराबादची वाहतूक आहे, विजापूरची आहे, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आहेत, आणि याच रस्त्यांवरून माणसं कामाला जातात. जड वाहनांखाली कुणी गेलं की दोन दिवस रास्ता रोको होतो, वेळेची बंदी जाहीर होते, आणि महिन्याभरात सगळं पूर्ववत.

पुण्याला जाणाऱ्यांचं थोडक्यात. हुतात्मा, इंद्रायणी, सिद्धेश्वर आणि २०२३ पासून वंदे भारत. या गाड्यांनी आणि रविवारी रात्री भरून निघणाऱ्या ट्रॅव्हल्सनी सोलापूरचं एक वेगळंच जाणं-येणं घडवलं आहे. आठवडाभर हिंजवडीत, शनिवार-रविवार आईच्या हातचं. ही मुलं रोजच्या प्रवाशांत मोजली जात नाहीत आणि ती कुठे राहतात हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता येत नाही. पण लक्ष द्यायला हवं ते वेगळ्याच गोष्टीकडे. सोलापूरबद्दल लिहिणारे, बोलणारे, निवेदनं देणारे बहुतेक याच वर्गातले किंवा यांचे आईबाप. म्हणून विमानसेवा आणि पुण्याची गाडी यांवर शहर पेटून उठतं, आणि अशोक चौकातून अक्कलकोट रोडला सकाळी बस का नाही, यावर पत्रकही निघत नाही.

आकड्यांची बाजूही लंगडी आहे. मघाशी म्हटलं तसं, २०११ ला घरगुती उद्योगातल्या माणसांना प्रवासाचा प्रश्न विचारलाच नव्हता. ज्या शहरात हजारो बायका घरात विडी वळतात, जिथे कित्येक माग राहत्या घरात आहेत, तिथे एवढा मोठा समूह त्या तक्त्याच्या बाहेरच राहिला. त्यात २०२१ ची जनगणना झाली नाही आणि आता होणाऱ्या मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्यातून शहरवार तक्ते हाती यायला आणखी किती वेळ लागेल, ते मागचा अनुभव सांगतो. मागच्या वेळचे प्रवासाचे तक्ते चार वर्षांनी आले होते. तोवर आपण सोलापूरची वाहतूक २०११ च्या आकड्यांवर आखणार का? त्यानंतर रायनगर वसलं, कोविड येऊन गेला, बस गेली.

केंद्राची वाट बघायची गरजही नाही. हे काम महापालिका स्वतः करू शकते. एमआयडीसीच्या चार-दोन फाटकांवर, पूर्व भागातल्या चौकांत, रायनगरच्या तोंडाशी आणि पुणे नाक्यावर एक आठवडा माणसं बसवा. सोलापूरच्या कॉलेजांत समाजशास्त्र आणि भूगोलाची पोरं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. कुठून आलात, कशाने आलात, किती वेळ लागला, किती पैसे लागले आणि पाण्याच्या दिवशी काय करता. पाच प्रश्न. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत विचारा, नाहीतर निम्मं शहर पुन्हा सुटेल.

आता मुद्द्याचं. पीएम ई-बस सेवा या योजनेला केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. देशभरात दहा हजार विजेवरच्या बस, आणि त्यात सोलापूरच्या वाट्याला शंभर. बस चालवणार ठेकेदार, त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे, आणि त्यातला काही भार दहा वर्षं केंद्र उचलणार. किलोमीटरप्रमाणे पैसे ही पद्धत आपल्यासाठी संधी आहे आणि सापळाही. गाडीत कितीही माणसं असोत, ठेकेदाराचे पैसे ठरलेले. म्हणजे रिकामी गाडी फिरवूनही त्याचं भागतं, तोटा महापालिकेच्या अंगावर. मार्ग आणि वेळा चुकल्या तर दोन-तीन वर्षांत पुन्हा तेच ऐकू येईल: सोलापुरात बस चालतच नाही हो.

भीती ही की मार्ग दिसण्यासाठी आखले जातील. स्टेशन ते सिद्धेश्वर मंदिर, मंदिर ते स्मार्ट सिटीत सजवलेले चौक, आणि भाविकांसाठी अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर. भाविकांना बस नको असं कोण म्हणेल? पण त्यांच्यासाठी एसटी आहे, रेल्वे आहे, आणि मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे. पहाटे साडेपाचला रायनगरहून शहरात यायला मात्र काही नाही.

पहिल्या गाड्या तीन मार्गांवर सोडाव्यात असं मला वाटतं. रायनगर-कुंभारीहून अक्कलकोट रोड एमआयडीसी करत पूर्व भागातून स्टेशनपर्यंत. विडी घरकुल या वसाहतीतून हैदराबाद रोडने मार्केट यार्ड, तिथून नवी पेठ. आणि जुळे सोलापूरहून सात रस्ता, पुणे नाका, केगाव, चिंचोळी. या तिन्ही मार्गांवर कारखान्याची पाळी सुरू होण्याआधीचा एक तास आणि सुटल्यानंतरचा एक तास दर दहा-पंधरा मिनिटांनी गाडी हवी. दुपारी कमी केल्या तरी चालेल. शंभर गाड्या शहरभर शिंपडल्या तर कुठेच विश्वास बसणार नाही. माणूस दुचाकी घरी ठेवायला तयार होतो तो बसच्या रंगामुळे नाही, बस चुकली तर मागची कधी येईल हे ठाऊक असल्यामुळे.

तोट्याचा आक्षेप येणारच. बसला तोटा होतो, हे खरं. उड्डाणपुलाला नफा किती होणार, हा प्रश्न मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ज्या शहरात पाच माणसांना कामावर पोचवण्यासाठी पाच दुचाक्या, पाच कर्जं आणि पाच जणांचं पेट्रोल लागतं, तिथला तोटा ताळेबंदात दिसत नाही, कारण तो पाच घरांत वाटून गेलेला असतो.

रिक्षावाल्यांचा विरोध होईल, तो मात्र समजून घ्यायला हवा. गिरण्या बंद पडल्यावर कित्येक घरांत रिक्षा आली. रिक्षावाला हा त्याच कामगार वस्तीतला माणूस आहे, आणि बस नसताना शहर त्यानेच चालवलं. लांबच्या मार्गावर बस आली तर त्याचं सीट कमी होणार. पण बस थांब्यापासून गल्लीपर्यंतचं दीड-दोन किलोमीटर उरतंच, आणि ते अंतर सोलापुरात चालण्याजोगं राहिलेलं नाही. फुटपाथवर दुकानाचा माल, त्याच्या पुढे गाड्या, त्यांच्या पुढे गटारीचं उघडं झाकण. थांब्यांजवळ रिक्षांना हक्काची जागा आणि ठरलेले दर दिले तर हे जमू शकतं. त्यासाठी संघटनांना बोलावून बोलायला हवं, आणि तेही मार्ग जाहीर होण्याआधी. नंतर बोलावलं तर ते बोलणं बंदच्या इशाऱ्याने सुरू होतं.

यापेक्षा अवघड गाठ हद्दीची आहे. कुंभारी ग्रामपंचायतीत, चिंचोळी मोहोळ तालुक्यात, बस महापालिकेची. आपल्या हद्दीबाहेरच्या माणसासाठी तोटा का सोसायचा, असं एखादा नगरसेवक म्हणेल आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही दिसेल. पण ती माणसं कालपर्यंत त्याच्याच प्रभागात राहत होती, आजही सकाळी त्याच्याच शहरात कामाला येतात आणि संध्याकाळी त्याच्याच बाजारात पैसे खर्चून जातात. त्यांना घरासाठी हद्दीबाहेर पाठवणारी सरकारं राज्य आणि केंद्राची होती, तेव्हा या मार्गावरच्या तुटीचा वाटा त्यांनीही उचलावा, अशी मागणी महापालिकेने लेखी करायला हवी. चिंचोळीच्या बाबतीत हेच कारखानदारांना सांगता येईल. स्वतःच्या बसवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग या मार्गाला द्या आणि ठेकेदाराकडच्या कामगारांचेही पास काढा.

घरं अजून बांधली जाणार आहेत, रायनगरचे पुढचे टप्पे आहेत. यापुढे कामगार वसाहतीला मंजुरी देताना पाणी आणि विजेच्या रकान्याखाली एक रकाना बसचा हवा: मार्ग कोणता, पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, तूट कोण भरणार. तो रकाना रिकामा असेल तर फाइल परत पाठवावी. आणि शंभर गाड्यांचं वेळापत्रक करायला बसण्याआधी परिवहन विभागाने यंत्रमागधारक, गारमेंटवाले, विडी कारखाने आणि कामगार संघटना यांना एक पत्र पाठवून पाळीच्या वेळा मागवून घ्याव्यात. हे एका कारकुनाचं आठवड्याचं काम आहे.